एकदा बसवली की न काढायची लेन्स

आमच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात लुगडी-साड्या, मधल्यात जमिनीचे कागद आणि अगदी खाली नातवंडांचे आखूड झालेले स्वेटर असतात. त्या स्वेटरांच्या मागे बायकोनं एका दुपारी आपला कॅमेरा ठेवला, कपाट लावलं आणि ज्वारी निवडायला बसली. मी समोरच होतो. काही विचारावं अशी तिची मुद्रा नव्हती, आणि मलाही धीर झाला नाही.

घाटनांदूरला आमचं बी-बियाणं, खतं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. आता मुलगा बघतो. मी सकाळी गल्ल्यामागं बसतो आणि गिऱ्हाइकाशी राजकारणावर बोलून त्याचा वेळ घालवतो, असं मुलाचं म्हणणं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही तिला बाईच म्हणतो. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. लग्नाच्या मांडवात माझ्या मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, नवरदेवाला पाटावर उभं करायचं का म्हणून. तेव्हापासून कुठल्याही फोटोत मी तिच्याशेजारी उभा राहत नाही, खुर्ची मागवतो.

बाईला फोटोचा नाद शाळेतच लागला. दसरा-दिवाळी झाली की तिच्या वर्गातली अर्धी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि बाकं रिकामी पडायची. ती प्रत्येक जाणाऱ्या पोराचा आधी फोटो काढायची, मागच्या भिंतीवर चिकटवायची आणि उरलेल्यांना सांगायची, हे आपल्याच वर्गात आहेत, नुसते बाहेरगावी गेलेत. पोरं परत आली की आधी भिंतीकडं धावायची. मी तेव्हा म्हणायचो, बाई, एवढं कोण करतं? आता म्हणतो, दुसरं कुणी केलं नसतं. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते मी तोंडावर कधी धड बोललेलो नाही, म्हणून इथं लिहून टाकतो: इतक्या नीट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढं मुलीनं तिला खरा कॅमेरा दिला आणि बाई डोंगर चढायला लागली. आमच्याकडचा डोंगर म्हणजे बालाघाट. त्याला कुणी बघायला येत नाही. खालून चढण वाटते आणि वर गेलं की नुसता माळ, तरवड, कुसळाचं गवत आणि वारा. पण बाई तिथं जाऊन उभी राहायची. दुसरे लोक आल्याआल्या खटाखट फोटो काढतात. ही आधी पाणी प्यायची, पदर खोचायची, मग बराच वेळ काहीच करायची नाही. मी कंटाळून दगडावर बसायचो. मग एकदम एकच फोटो, की चला. घरी आल्यावर बघावं तर ज्या माळावर माझं निम्मं आयुष्य गेलं, तो मला नवा वाटायचा.

तिच्याकडं दोन लेन्स होत्या. एक आखूड, जवळचं आणि रुंद घेणारी. दुसरी लांब, दूरचं ओढून आणणारी. एक काढायची, दुसरी बसवायची, तेही वाऱ्यात, पदराआड, कॅमेऱ्यात धूळ जाऊ न देता. त्या वेळी तिचे हात बघण्यासारखे असत.

मग उजवा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. आम्हाला वाटलं अशक्तपणा. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात आहे, गोळ्यांनी ताब्यात राहील, पण जाणार नाही. बाईनं डॉक्टरांना एकच विचारलं, चालता येईल ना? ते म्हणाले, भरपूर चाला. त्यावर ती समाधानी दिसली. मी दिसलो नाही.

धारूरच्या घाटाजवळ एका कड्यावर ती लेन्स बदलत होती. लांबची काढली, आखूड घ्यायला हात पुढं केला आणि हात नाचला. काढलेली लांबची लेन्स दगडावर पडली, तिथून खालच्या दगडावर, तिथून कुठं गेली दिसलं नाही. फक्त आवाज आला. मी उतरायला निघालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गेली ती." गाडीत ती सगळ्या वाटेनं आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. मला त्या हाताचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा स्वेटरांच्या मागे गेला.

आणखी एक गोष्ट अडकली होती. तिच्या निवृत्त मैत्रिणींचा गट दिवाळीच्या आधी उत्तराखंडात डोंगर चालायला जाणार होता. चार दिवस पायी, पाठीवर आपलं सामान. आमची दोघांची नावं आधीच दिलेली होती. बाई म्हणाली, "आपली नावं काढून टाका. नुसतं बघायला कशाला जायचं एवढ्या लांब?" मी हो म्हणालो आणि नावं काढली नाहीत. ती आत्ता गेली नाही तर पुन्हा कुठंच जाणार नाही, माळावरसुद्धा नाही, हे मला दिसत होतं. बिनडोंगराची बाई मला घरात नको होती.

मला फोटोतलं काही कळत नाही. पण एवढं कळलं की अडचण बदलण्यात आहे. बदलावीच लागू नये अशी एकच लेन्स मिळाली, जवळचंही घेईल आणि दूरचंही, तर झालं. रात्रीच्या जेवणाला मी तसं म्हणालो. बाई म्हणाली, "म्हंजे एकदा बसवली की काढायचीच न्हाई. तुमच्यासारखी." पण हसली नाही. कॅमेरा मात्र दिला. म्हणाली, "घेऊन जा. इकला तरी चालंल."

टॉवेलात गुंडाळून मी तो लातूरला नेला. लेन्सवर आकडे असतात आणि ते मिलिमीटरमध्ये असतात, हे मला तिथं कळलं. मिलिमीटरमध्ये मी जन्मभर पाऊस मोजला आणि ठिबकच्या नळ्या विकल्या. सोळाची नळी म्हणजे बारीक, पंच्याहत्तरचा पाइप म्हणजे जाडजूड, हे मला झोपेत विचारलं तरी येतं. त्या हिशेबानं मी मोठ्या आकड्याकडं बोट दाखवलं. दुकानदार माझ्याच वयाचा, केसांना मेंदी लावलेला, पूर्वी लग्नाचे फोटो काढणारा माणूस होता. त्यानं मला पाणी दिलं आणि नीट समजावलं. आकडा लहान तर चित्र रुंद, सगळा मांडव मावतो. आकडा मोठा तर लांबचं जवळ येतं, पण मांडव मावत नाही, नुसतं नवरीचं नाक. मग विचारलं, "मॅडम काय काढतात? किती चालतात? पाठीवर कोण घेणार?"

मी बाईच्या हाताचं सांगितलं. मग त्यानं काचेच्या कपाटातून दोन लेन्स काढून समोर ठेवल्या. एक आपल्या मुठीत मावेल एवढी, अठरा ते एकशे पस्तीस. म्हणाला, फिरणाऱ्या माणसाला ही पुरते. गाव, माणूस, फूल, समोरचा डोंगर, सगळं हिच्यात येतं. आत हात सावरून धरायची सोय आहे. थोडी थरथर ती गिळते. आणि इकडं धूळ एवढी की लेन्स जितकी कमी काढाल तितकं बरं. दुसरी होती शंभर ते चारशे. पांढरी, लांबलचक, उसाच्या पेरांसारखी. म्हणाला, ही पाखरांसाठी.

आता आमच्या जिल्ह्यात मोठ्या वस्तूला मान आहे. गाडी मोठी, बॅनर मोठा, लग्नाचा मांडव तर गावापेक्षा मोठा. मला ती पांढरी आवडली. बाईला घारी आवडतात, गिधाडं तर फारच. वाटलं, तिला लांबचं द्यावं. जे गेलं त्यापेक्षा जास्त द्यावं.

पण मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. बैल घेताना आम्ही तो बाजारात नुसता बघून घेत नाही. घरी आणून औताला जुंपतो, दोन-चार फेऱ्या मारून बघतो. बसतो का, बुजतो का, संध्याकाळी खांदा सुजतो का. पटला तर दावं आपलं, नाही तर बैल परत. मी दुकानदाराला म्हणालो, लेन्स मला अशी जुंपून बघायची आहे. तो हसला. म्हणाला, लग्नसराई नाही, ह्या तशाही भाड्यानं जातात, पोळा झाला की आणून द्या, तोवर दोन्ही न्या. येताना त्यानं लहान लेन्सवरची एक खिटी दाखवली. लेन्स खाली तोंड करून लटकली की आपल्या वजनानं नळी बाहेर घसरते. उतारावर चालताना ही खिटी लावायची. मला ती खिटी फार पटली. चांगल्या औजाराला अशी एक खिटी असतेच.

पहिल्या दिवशी पांढरी जुंपली. मी कॅमेरा ठेवायची तिपाईसुद्धा घेतली होती. पाऊस होऊन गेलेला, तरवड पिवळा धमक, आणि पलीकडच्या सुळक्यावर घारी. बाई फार दिवसांनी माळावर आली होती. तोंडानं काही म्हणत नव्हती, पण पदर खोचला. मी तिपाई रोवली, वर पांढरी लेन्स बसवली, आणि बाईनं डोळा लावला.

तेवढ्यात दोन मोटारसायकली धुरळा उडवत आल्या. एकीवर टोपीवाले म्हातारे बाबा, दुसरीवर साधारण माझ्या मुलाच्या वयाचा एक जण. बाबा उतरताच म्हणाले, "सायेब, काय मोजायलाव?"

मी म्हणालो, "काही न्हाई बाबा. फोटो काढायलोत."

"आमाला येडं समजायलाव का? पवनचक्कीची कंपनी असंच म्हणती. आमच्या बांधात खांब घ्यायचा न्हाई, आत्ताच सांगतो."

दुसरा म्हणाला, "त्यांच्यात घेऊ नका, आमच्यात घ्या. आमी आडवं येणार न्हाई. रस्ता बी देतो."

बाबा त्याच्याकडं वळले. "तुझ्यात कुठला बे? बांध माझा हाय."

बांधाचं भांडण आमच्या तिपाईपाशी येऊन थांबलं. आमच्याकडं तिपाई घेऊन माळावर कुणी आलं की तो मोजणीवालाच, दुसरा कशाला मरायला येतोय. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी समजावत होतो आणि ते मला जास्तच साहेब समजत होते. शेवटी बाई मधे आली. बाबांचा हात धरून तिनं त्यांना कॅमेऱ्यापाशी नेलं आणि म्हणाली, "बघा ह्यातून."

बाबांनी टोपी मागं सारून डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "घार हाय की. डोकं फिरवायलीय." आणि दुसऱ्याला हाक मारली, "इकडं ये बे, बघ." दोघांनी आळीपाळीनं घार बघितली. बांध मागं पडला.

मग अर्थात फोटो. बाबांनी मिशीवरून हात फिरवला आणि उभे राहिले. बाईनं डोळा लावला आणि मागं सरकली. अजून मागं. अजून मागं. ती तरवडात शिरली, पार बाभळीपर्यंत गेली. बाबा ओरडून विचारायला लागले, "बाई, कुठं निघाल्या? आमी इकडं हाव." फोटोत शेवटी नुसता चेहरा आला, तोही कपाळ कापलेला. बाबांनी बघून म्हटलं, "नाक लई बेस आलंय." आणि समाधानानं निघून गेले. जाताना मला म्हणाले, खांबाचं काही ठरलं तर कळवा.

आम्ही दोघं हसत घरी आलो. पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर फोटो बघितले आणि हसू गेलं. बाबांचं नाक तेवढं ठीक. तिपाईवरूनसुद्धा घारी सगळ्या हललेल्या. बोट लागलं की एवढी मोठी लेन्स त्याच्यासह थरथरायची, आणि जितकं लांबचं ओढावं तितकी थरथर वाढायची. एका फोटोत घार आहे की घारीची सावली, कळत नव्हतं. बाईनं एकही फोटो सोडला नाही, सगळे शेवटपर्यंत बघितले. मग म्हणाली, "ही परत करा." आवाज साधाच होता. मी तिला जास्त द्यायला गेलो होतो आणि तिला तिचा हातच मोठा करून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी लहान लेन्स घेऊन गेलो. तिला नको होतं, मी आग्रह केला. आणि खरं सांगतो, त्या लेन्सवर माझा जीव बसला. बाईनं ती डाव्या हातात धरली, तो हात अजून तिचाच होता, आणि त्याच हाताच्या दोन बोटांनी कडं फिरवलं. पायाशी कुसळावर दव, मग तरवडाचा एक झुबका, मग सगळा माळ आणि त्यावरचं आभाळ, काही न काढता, न बदलता. पुन्हा पाणी पिणं, पुन्हा तो तिचा उभा राहण्याचा उशीर. मी दगडावर बसून त्या उशिराला मनातल्या मनात हात जोडले. जवळचे आणि रुंद फोटो सुईसारखे आले. लेन्सच्या आतली ती सोय थरथर खरंच गिळत होती.

मग तिला खाली तलावाच्या पाळेवर मेंढरं दिसली. लांब रांग, मागं धनगर. तिनं कडं शेवटपर्यंत फिरवलं, टोकाला नेलं, आणि तिथं हात पुन्हा नाचला. एक, दोन, तीन. तिन्ही हलले. मी उठलो आणि म्हणालो, "इकडं दे, मी काढतो."

ती वळली. इतक्या वर्षांत एवढी चिडलेली मी तिला दोनदाच पाहिली असेल. "कावून? माझं बघणं तुमी बघणार का? मला माझा फोटो काढायचाय. येत नसला तर न्हाई काढणार."

मला राग आला. मी म्हणालो, मग मर, माझं काय. असं बोलायला नको होतं, पण बोललो. मेंढरं पाळेपलीकडं उतरून गेली. आम्ही पुढं-मागं चालत घरी आलो.

तो पोळ्याचा आदला दिवस होता. ट्रॅक्टर आला तरी आम्ही एक जोडी ठेवलेली आहे. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्या घरी हे काम पहिल्यापासून बाईकडं. मला वाटलं होतं या वर्षी सूनबाई करेल. पण बाईच वाटी घेऊन गोठ्यात आली.

उजवा हातच तिनं वाटीत बुडवला. तो थरथरत होता. बैलाच्या खांद्यावर ठेवला, तिथंही थरथरत होता. बैलाला त्याचं काही नव्हतं. त्यानं डोळे अर्धे मिटले आणि खांदा तिच्या हाताखाली आणखी थोडा दिला. हात हळूहळू कमी कापायला लागला. टेकला होता ना. बाई तशीच उभी राहिली. मला ते तिचं उभं राहणं ओळखीचं वाटलं. ती काहीतरी बघत होती.

तिनं दुसऱ्याचाही खांदा चोळला. दोघांना म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग वाटीत उरलेली हळद घेऊन ती सरळ माझ्याकडं आली. मी बनियनवर होतो. मुलगा, सून, सगळे उभे. तिनं माझ्या उजव्या खांद्याला हळद-तूप फासलं, चांगलं चोळलं, आणि त्याच सुरात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या माळावर या."

सूनबाई पदरात तोंड घालून आत पळाली. मी म्हणालो, "बनियन खराब झालं." बाई म्हणाली, "धुईन मी."

पोळ्याच्या सकाळी, बैल धुवायच्या आत, आम्ही पुन्हा माळावर. तिनं मला एका बाजूला तोंड करून समोर उभं केलं. "हलायचं न्हाई. म्हणलं की श्वास धरायचा." माझ्या खांद्यावर तिनं लेन्स टेकवली, डाव्या हातानं कडं फिरवलं. आणि तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं की मी चार बोटं बुटका आहे ते बरोबर आहे. खांदा अगदी जिथं हवा तिथं होता. मी उंच असतो तर तिला टाचा उचलाव्या लागल्या असत्या. माझी मावशी आज नाही, नाही तर मुद्दाम जाऊन सांगितलं असतं.

"धरा," बाई म्हणाली. मी श्वास धरला. बारीक आवाज आला. "सोडा."

मेंढरं त्या दिवशी नव्हती. पाळेवर एकटी म्हैस होती. ती म्हैस, तिच्या शिंगावरचा बगळा आणि बगळ्याची चोचसुद्धा कापून ठेवल्यासारखी साफ आली. बाईनं तो फोटो बघितला आणि कुसळात मटकन खाली बसून रडली. मीही बसलो. नंतर बैल वाट बघत असतील म्हणून उठलो.

पांढरी लेन्स मी परत केली, लहान ठेवून घेतली. दुकानदारानं विचारलं, जुंपून बघितली का? म्हणालो, मलाच जुंपलं.

त्यानंतर मी कामाला लागलो. माणसाच्या खांद्यात किती हालचाल असते ते तोवर मला माहीत नव्हतं. जेवणानंतर लगेच फोटो नाही, ढेकर येतो. चढ चढल्यावर लगेच नाही, भाता चालू असतो. तंबाखू सोडली, कारण खोकला. बाईनं कधी सोडा म्हटलं नाही; तिनं फक्त एकदा हललेला फोटो दाखवला. आणि टेकवायचं तेही तिच्या मर्जीनं. जवळचं, रुंद ती स्वतःच काढायची, माझ्याकडं बघायचीही नाही. टोकाला नेलं की नुसतं "अहो" म्हणायची, आणि मी जाऊन खांदा पुढं करायचो. कुठं बघायचं, केव्हा दाबायचं, ते तिचं. माझ्या तोंडासमोर बहुतेक वेळा झुडूप असायचं.

दिवाळीच्या आधी आम्ही उत्तराखंडात गेलो. नावं पुन्हा दिली नव्हती, मुळात काढलीच नव्हती, हे मी तिला स्टेशनवर सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक होतं. गटातल्या एका गुरुजींच्या पिशवीत तीन लेन्स होत्या. ते दर वळणावर बसून बदलायचे आणि गट पुढं निघून जायचा. बाईच्या गळ्यात एकच. खिटी लावलेली, उतारावरसुद्धा गप्प. पायाशी फुलं आली की फुलं, खेचराचा घुंगरू आला की घुंगरू, दरीपलीकडचं गाव आलं की "अहो". पावसाचा शिडकावा झाला, धुकं आलं, लेन्स एकदाही निघाली नाही. दुकानदाराचं मी मनातल्या मनात शंभर वेळा कौतुक केलं.

शेवटच्या मुक्कामाच्या पहाटे आम्हाला गवताच्या एका उतारावर नेलं. थंडीनं बाईचा हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. ती उभी राहिली, पाणी प्यायली, आणि बराच वेळ काही केलं नाही. सगळ्यांचे काढून झाले. मग म्हणाली, "अहो." या वेळी तिला सूर्याकडं पाठ हवी होती की काय, तिनं मला अशा कोनात उभं केलं की मलाही समोरचं दिसत होतं. पहिल्यांदाच तिच्या बघण्याच्या दिशेनं माझंही तोंड होतं.

"धरा."

मी धरला. समोरचा बर्फाचा डोंगर राखाडी होता. मग त्याच्या टोकाला उजेड लागला आणि तो खाली उतरायला लागला. असलं काही आहे हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं. आमच्याकडं माणसं ढगाकडं बघतात, डोंगराकडं कोण बघतो. खांद्यावर लेन्सचं ओझं होतं, तिचा गाल माझ्या कानाजवळ होता, त्याची ऊब लागत होती. मला कपाट आठवलं, स्वेटर आठवले. ती इथं आली नसती. मी दात आवळले, पण खांदा माझं ऐकेना.

तेवढ्यात तिनं दाबलं.

परत आल्यावर बाईनं फोटो निवडायला बरेच दिवस घेतले. फुलं होती, खेचरं होती, त्याच डोंगराचे नंतर काढलेले सुईसारखे फोटो होते. मुलानं मोठे करून आणायला नेले आणि त्यातला एक बघून तो परत घरी आला. म्हणाला, "आई, हा चुकून आलाय. सगळा हललाय. डोंगर कुठला, आभाळ कुठलं, कळंना गेलंय."

"चुकून न्हाई. तोच पुढच्या खोलीत लावायचाय."

"एवढे चांगले असताना हा कावून?"

बाई ज्वारी निवडत होती. सुपात तिचा हात थरथरत होता आणि दाणे हलकेच वाजत होते. ती म्हणाली, "हललेल्यात एवढा एकच माझ्या हातानं हलला न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यात तुमी हललाव."